साडूंच्या बोनेटवरचा सिंह

जगात झिजण्यासारखी जी जी वस्तू आहे, तिनं एकदा तरी आमच्या थोरल्या साडूंच्या हाती पडावं. झिजणं म्हणजे काय, हे तिला दुसरं कुणी इतक्या मायेनं शिकवणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सहा फूट उंची, आडवं हाड, पीळदार मिशा, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत पंपाच्या सामानाचं दुकान आणि सदऱ्याच्या खिशात बारा महिने एक मऊ फडकं. समोर पितळ दिसलं, तांबं दिसलं, काच दिसली, की बोलणं चालू ठेवून त्यांचा हात खिशात जायचा. घरचा पाण्याचा हंडा त्यांनी चिंच, राख आणि विटकरीची पूड लावून इतका उजळला की एके दिवशी त्याच्या बुडातून उजेड दिसू लागला. दारावरची नावाची पितळी पाटी ते दर रविवारी घासत. पाच वर्षांत आडनाव गेलं, सातव्या वर्षी नाव गेलं, आणि नवा पोस्टमन शेजारी चौकशी करू लागला की ही कोरी पाटी कुणाची. "पाटी चकाकती न्हवं? मग माणूस कळतोय की," असं साडूंचं त्यावर म्हणणं.

माझा चष्मा त्यांच्या खास मर्जीतला. मी काही महत्त्वाचं सांगू लागलो की ते हलकेच तो माझ्या नाकावरून काढून घेत आणि पुसत बसत. मला समोर नुसता एक मोठा पांढरा सदरा दिसायचा. मग त्या सदऱ्याला मी उरलेलं सांगायचो. त्या चष्म्यावर पडलेल्या ओरखड्यांमुळे पुढं माझ्या चित्रांत एक धूसरपणा आला, आणि ती माझी शैली आहे असं मी दोन-तीन ठिकाणी सांगितलंसुद्धा. कारण मी चित्रकलेचा मास्तर. परीक्षा पास झालेला, प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेला मास्तर. फळ्यावर मी काढलेल्या घोड्याला एकदा अख्ख्या वर्गानं एकमतानं शेळी म्हटलं होतं, पण वर्गाला काय कळतंय. सासरवाडीत मला कलावंत मानणारे एकटे साडू. दुकानाची पाटी असो की बारशाचं निमंत्रण, "आमच्या मास्तरांचा हात लागू द्या," म्हणायचे. या एका वाक्यासाठी मी काय काय केलं, ते सांगायला मला आजही लाज वाटते, पण सांगतो.

साडूंकडं एक जुनी विलायती गाडी होती. काळी, उंच, पायऱ्यांची. तिच्यात बसायचं तर चपला काढून मांडीवर घ्याव्या लागत. जयसिंगपूरच्या एका लग्नाला आम्ही सहाजण सहा जोड मांडीवर घेऊन गेलो आणि उतरल्यावर माझ्या पायात एक चप्पल माझी आणि एक आक्कांची निघाली. आक्का म्हणजे साडूंची बायको, माझी मेहुणी. गाडी सुरू करताना तिचं तोंड जोतिबाच्या डोंगराकडं असावं लागे, असा साडूंचा सिद्धान्त होता. त्यामुळं दक्षिणेला जायचं असलं तरी आम्ही आधी चार माणसांनी ढकलून तिला उत्तरेकडं वळवायचो आणि मग सुरू करायचो. ढकलताना ती बहुतेक वेळा तशीच सुरू व्हायची. साडू म्हणायचे, "बघितलासा? डोंगर दिसला तिला."

हसावं असं सगळं होतं खरं, पण गाडीमागची गोष्ट हसण्याची नव्हती. साडू मूळचे गडहिंग्लजच्या बाजूच्या एका खेड्यातले. बारा वर्षांचे असताना त्यांना विषमज्वर झाला. घरच्यांनी आशा सोडली होती. गडहिंग्लजचे एक डॉक्टर याच गाडीतून आले, पोराला मागच्या सीटवर आडवं घातलं, आपल्या घरी नेलं आणि महिनाभर ठेवून बरं केलं. पुढं म्हातारपणी डॉक्टरांचे डोळे गेले, गाडी विकायची ठरली. घ्यायला पुष्कळजण आले होते. डॉक्टरांनी ती साडूंना दिली आणि एवढंच म्हणाले, "जशी आहे तशी ठेव." साडूंनी बोनेटवर हात ठेवून शब्द दिला. त्या दिवसापासून ते रोज सकाळी अंघोळ करून गाडी पुसू लागले, आणि बोनेटच्या नाकावर जी पुरीएवढी गोल पितळी चकती होती, गाडीचं मानचिन्ह, ती चिंचेनं घासू लागले.

आठ वर्षं घासली. चकती आरशासारखी झाली. तिच्यावर पूर्वी काहीतरी उठावाचं चित्र होतं, त्याचा आता एक मऊ उंचवटा राहिला होता. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग सत्तर सालाच्या पुढंमागं कधीतरी एका सकाळी साडू माझ्या घरी आले. हातात पत्र होतं. त्यांनी माझा चष्मा काढला नाही, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"मास्तर, घात झाला," ते म्हणाले. "डॉक्टर येत्यात. पुढल्या गुरुवारी. गाडीला एकदा हात लावायचाय म्हणत्यात."

मी म्हणालो, "मग येऊ द्यात की. त्यांना दिसत तर नाही."

"डोळ्यांस्नी दिसत न्हाय. बोटांस्नी दिसतंय की. रोज गाडी काढायच्या आधी त्या चिन्हावर हात फिरवायचे ते. मी बघितलंय. आता हात ठेवतील आणि काय लागंल त्यांस्नी? ताटली." साडू खाली बसले. "मी शब्द दिलता, मास्तर. त्या माणसानं मला जीव दिला आणि मी त्यांची एक चकती सांभाळली न्हाय."

इतक्या मोठ्या माणसाचा आवाज असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं. त्याच बरोबर, खरं सांगायचं तर, मनाच्या एका कोपऱ्यात आनंदही झाला, कारण आता एक चित्र लागणार होतं आणि ते काढायला कोल्हापुरात माझ्याशिवाय साडूंना दुसरा कुणी ठाऊक नव्हता. मी चष्मा स्वतःच काढून पुसला आणि म्हणालो, "काळजी सोडा. मूळचं होतं तसं करून देऊ."

मूळचं काय होतं, हा प्रश्न त्यानंतर निघाला. आम्ही तिघांनी चकतीभोवती उभं राहून ती निरखली. मला तो घोडा वाटला. साडू म्हणाले, सिंह. आक्का पदर खोचत म्हणाल्या, "मला तर पयल्यापास्नं ते भजंच वाटतंय." साडूंनी छातीवर हात ठेवून सांगितलं की सिंहच, त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. कधी पाहिला, असं विचारल्यावर कळलं की बाराव्या वर्षी, गाडीत घालताना. म्हणजे अंगात एकशे चार ताप असताना. त्याच प्रवासात त्यांना डॉक्टरांच्या कंपाउंडरच्या जागी कणसं खाणारा एक हत्तीही दिसला होता, पण तो ते भास समजत होते. सिंह मात्र खरा.

तरी मी म्हटलं, पुरावा पाहिजे. मी शिकलेला माणूस. तशीच गाडी वारणानगरला एका साखर कारखान्यातल्या इंजिनिअरांकडं असल्याचं कळलं. रविवारी आम्ही दोघं चपला मांडीवर घेऊन तिथं गेलो. इंजिनिअर सज्जन माणूस. चहा दिला, गाडी दाखवली. गाडी हुबेहूब साडूंच्या गाडीसारखी, आणि तिच्या नाकावर ठसठशीत चिन्ह होतं: शिडाचं जहाज. एकेक दोरी दिसत होती.

दुसऱ्या कुठल्याही गावची माणसं असती तर ते जहाज कागदावर उतरवून घरी आली असती. साडूंनी कमरेवर हात ठेवून ते पाहिलं, मान हलवली आणि इंजिनिअरांच्या खांद्यावर हात टाकून अतिशय कळवळून म्हणाले, "पावणं, फसवलं तुमास्नी. हे बनावट हाय."

इंजिनिअर गोंधळले. "अहो, गाडी घेतल्यापासून आहे ते."

"मग घेतानाच फसला. गाडीवर कधी जहाज असतंय का? जहाज पाण्यात असतंय. गाडीवर जनावर पायजे."

इंजिनिअरांनी माझ्याकडं पाहिलं. चित्रकला शिक्षक अशी माझी ओळख झाली होती. त्या क्षणी खरं बोलण्याची मला पूर्ण संधी होती. पण "मास्तरांस्नी विचारा, त्यांस्नी कळतंय त्यातलं," असं साडू म्हणाले आणि मी घसरलो. मी चिन्हाजवळ वाकलो, एक डोळा मिटला आणि म्हणालो, "रेषेत जोर नाही. नकलेत नेहमी असं होतं." इंजिनिअरांचा चेहरा पडला. निघताना त्यांनी विचारलं, सिंह करून घ्यायचा झाल्यास कुणाकडं करावा. आम्ही साडूंच्या ओळखीच्या एका सोनाराचा पत्ता देऊन आलो.

आता सिंह काढायचा होता. मी जन्मात सिंह पाहिलेला नव्हता, पण न पाहिलेल्या गोष्टी काढायला मी कधी घाबरलो नाही. अडचण एवढीच की साडू माझ्या समोर उभे राहून हलेनात. कागदावरून नजर वर केली की समोर साडू. गाल काढताना साडू, कपाळ काढताना साडू. तासाभरात कागदावर जे उमटलं, ते पाहून माझी बायको म्हणाली, "अगंबाई, भावजी किती छान आलेत." मिशा तर साडूंनी मागूनच घेतल्या. "सिंह म्हंजे मर्द जनावर. मिशीबिगर कसा दिसंल?" मी पीळ दिला. खाली शेपटापाशी मोकळी जागा उरली, तिथं सवयीनं सही केली. ती इतकी वळणदार आली की मला खोडवेना.

साडूंच्या ओळखीचे ते सोनार गुजरीतले, चांगले म्हातारे. उभा जन्म त्यांनी देवांचे टाक आणि मुखवटे घडवले होते. कागद पाहून ते म्हणाले, "करतो. जुना कुठाय?" साडूंनी चकती दिली. सोनारांनी ती बोटांनी चाचपली आणि मुशीशेजारी ठेवली. मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, "झिजलेला टाक घरात ठेवत न्हाईत. वितळवून नव्यात घालायचा. मग देव मोडत न्हाय, नुसतं अंग बदलतं."

"अहो, हा टाक नाही. गाडीचं चिन्ह आहे."

सोनारांनी साडूंकडं पाहिलं. "रोज अंघोळ करून ह्याला हात लावतासा का न्हाय?"

"लावतो की," साडू म्हणाले.

"मग?"

चकती मुशीत गेली, वर आणखी थोडं पितळ गेलं, त्याचा पत्रा झाला, ठोकून उठाव काढायला राळेच्या थरावर बसला आणि तीन दिवसांत सिंह तयार झाला. काम सुरेख होतं, फक्त सोनारांच्या हाताला मुखवट्यांचं वळण. सिंहाचे डोळे मोठे, पाणीदार, कमळासारखे झाले होते, आणि कपाळावर उभं गंध होतं. गंधाबद्दल विचारल्यावर म्हातारे ओशाळून म्हणाले, "हात गेला तसा." माझी सही त्यांनी नक्षी समजून भक्तिभावानं ठोकली होती. मला ते फार आवडलं. गाडीवर सिंह चढला आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं.

गुरुवारी सकाळी डॉक्टर आले. पंचाहत्तरीचे असतील. अंगात जुना काळा कोट, कंपाउंडरचा हात धरलेला. कंपाउंडरही आता म्हातारा झाला होता. साडू त्यांच्या पायांवर डोकं ठेवून उठले ते घामानं भिजलेले. डॉक्टरांनी आधी गाडीचं दार चाचपलं, मग मडगार्ड, मग दिवा. हात सरकत बोनेटवर आला. साडूंनी माझा दंड धरला. तो त्यांनी इतका घट्ट धरला होता की चार दिवस वळ होते.

डॉक्टरांची बोटं सिंहावर थांबली. हळूहळू फिरली. चेहऱ्यावर काही दिसेना.

"हा कोण?"

"सिंह, डॉक्टरसाहेब," साडू म्हणाले.

"मिशा आहेत याला."

"हायत."

"कपाळाला काय लावलंय?"

"गंध."

बोट खाली गेलं. "आणि शेपटाखाली हे काय वळवळतंय?"

आता मला बोलणं भाग होतं. "माझी सही आहे," मी म्हणालो. आयुष्यात सही केल्याचा इतका पश्चात्ताप मला कधी झाला नाही.

डॉक्टरांनी सिंहावरून पुन्हा एकदा बोटं फिरवली. मग विचारलं, "आणि माझा राघू कुठाय?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. डॉक्टर शांतपणे सांगू लागले. गाडीवर मुळात शिडाचं जहाज होतं. घेतली त्याच वर्षी एका बाजारच्या गावात कुणीतरी ते उचकटून नेलं. पुढं भोक दिसायचं. मग त्यांच्या पत्नीनं गडहिंग्लजच्या एका तांबटाला घरी बसवून घेऊन राघू करून घेतला. तांबटाला जहाज ठाऊक नव्हतं आणि बाईंना जहाज नकोच होतं. त्या म्हणाल्या होत्या, जहाज गेलं की कधी परत येतं याचा नेम नाही, राघू आपला घराकडं येतो. डॉक्टर रोज व्हिजिटला निघताना त्याच्यावर हात फिरवत, कारण त्या दारात उभ्या राहून बघत असत. बाईंना जाऊन वीस वर्षं झाली होती. हात फिरवायची सवय राहिली.

जहाज म्हटल्यावर मला वारणानगरचे इंजिनिअर आठवले. त्यांना मी दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलं, ते कसं लिहिलं हे माझं मला माहीत. पण त्या घटकेला तेसुद्धा मागं पडलं, कारण साडू रडू लागले होते. आडव्या हाडाचा तो माणूस भर सकाळी, आळीतले लोक बघत असताना, सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत उभा होता.

"मी घालवला, डॉक्टरसाहेब. रोज घासत हुतो. तुमची गाडी झळकाय पायजे म्हणून घासत हुतो. घासून घासून राघू घालवला. आणि उरलासुरला हुता तो ह्यातच वितळवला. ह्यातच हाय तो, डॉक्टरसाहेब."

"म्हणजे राघू सिंहानं खाल्ला," डॉक्टर म्हणाले.

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी अंदाजानं हात पुढं केला आणि साडूंचं मनगट पकडलं. नाडी बघावी तसं. "रडू नको. अर्धा मीच झिजवला होता, मी तुझ्याआधी तीस वर्षं हात फिरवत होतो. अरे, मला आता तिचा चेहरा नीट आठवत नाही. तुला पोपट कुठनं आठवणार?"

हे ऐकलं आणि मला तिथं उभं राहवेना. माझं कौतुक व्हावं म्हणून मी त्या बाईंच्या राघूच्या जागी माझं नाव ठोकून बसलो होतो. मी मागं सरकत होतो, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "सही कुणाची म्हणालात? तुम्ही चित्रं काढता?"

"शाळेत शिकवतो," मी म्हणालो. काढतो म्हणायचा त्या दिवशी मला धीर झाला नाही.

"मग राघू काढा."

मी खिशात कागद शोधू लागलो. डॉक्टरांनी मान हलवली आणि आपला उजवा तळहात माझ्यापुढं पसरला. "कागदावर मला काय दिसणार? इथं काढा. मान मागं वळलेली होती. तांबटाला जागा पुरली नव्हती."

मी बोटानं काढू लागलो. पाठ काढली, शेपूट काढलं. "शेपूट लांब," ते म्हणाले, "मनगटापर्यंत जाऊ द्या." मी पुन्हा काढलं. "चोच बारीक. तो फार खाणारा नव्हता." मी चोच बारीक केली. साडू शेजारी उभे राहून कोऱ्या तळहाताकडं टक लावून बघत होते आणि मधूनच दबक्या आवाजात मला म्हणत होते, "डोळा ऱ्हायला, मास्तर." मी डोळा काढला. तो शेवटचा. डॉक्टर म्हणाले, "हां. हाच." सही करायचं माझ्या मनातही आलं नाही.

त्यांनी मूठ मिटली आणि तशीच कोटाच्या खिशात घातली. परत जायला एस.टी.चं तिकीट होतं, पण साडूंनी ऐकलं नाही. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि कंपाउंडरला मागं. आळीतल्या चारजणांनी गाडी ढकलली. साडू त्यांना थेट गडहिंग्लजला त्यांच्या दारात सोडून आले. सबंध वाटेत डॉक्टरांनी ती मूठ खिशातून बाहेर काढली नाही, घरी उतरताना कंपाउंडरचा हातसुद्धा त्यांनी डाव्या हातानं धरला, असं साडू पुढं कितीतरी वर्षं सांगायचे. साडूंना थोडं वाढवून सांगायची सवय होती. एवढं मात्र मी खरं मानतो.